आकाशवाणीचा आवाज संगणकात साठवताना

रामनवमीच्या दिवशी, १ एप्रिल १९५५ रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. शब्द ग. दि. माडगूळकर यांचे, संगीत सुधीर फडके यांचे आणि कल्पना केंद्रावरील सीताकांत लाड यांची. पुढे वर्षभर दर आठवड्याला नवे गीत येत राहिले; त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. ध्वनिमुद्रणाचे साधन त्या काळी घरोघरी नव्हते. गीतांचे शब्द वृत्तपत्रांतून छापले जात आणि १९५७ मध्ये त्यांचे पुस्तकही निघाले, त्यामुळे शब्द श्रोत्यांच्या हाती राहिले. सूर मात्र ऐकले तेवढेच. मूळ कार्यक्रमात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशा अनेकांनी गायन केले होते. पुढच्या पिढ्यांच्या कानांत प्रामुख्याने बसले ते फडके यांनी एकट्याने गायिलेले ‘गीतरामायण’.

नंतर कॅसेट आली. रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्यांना गप्प बसण्याचा दम देऊन, ‘रेकॉर्ड’च्या बटणावर बोट ठेवून वाट पाहणारे रसिक पेठापेठांतून होते. त्या फितींवर नाट्यगीताच्या मागे कुकरची शिट्टीही हमखास सापडते. आता प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवरून आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या इंटरनेटवर ऐकता येतात, त्यांत पुणेही आहे. शिट्टीचा प्रश्न त्यामुळे सुटला. पण हा आवाज साठवून ठेवण्याचे तंत्र नीट माहीत नसेल, तर घरी जपलेली प्रत मूळ प्रसारणापेक्षा निकृष्ट निघते, आणि पुन्हा प्रसारित न होणाऱ्या कार्यक्रमाच्या बाबतीत ते नुकसान कायमचे असते.

इंटरनेटवरून येणारा ध्वनी हा मुळात संगणकाच्या भाषेतील अंकांचा अखंड ओघ असतो. त्यालाच ‘स्ट्रीम’ म्हणतात. केंद्रावरील ध्वनी जसाच्या तसा पाठवायचा तर सीडीच्या दर्जाला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, म्हणजे तासाला ६३५ मेगाबाइट. एवढा भार परवडत नाही, म्हणून मानवी कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग गाळून ध्वनी आवळला जातो. एमपी-थ्री आणि एएसी या आवळण्याच्या दोन रूढ पद्धती. ६४ किलोबिटचा स्ट्रीम तासाला जेमतेम २९ मेगाबाइट जागा घेतो. गाळलेला भाग मात्र परत मिळत नाही.

हा ओघ दोन प्रकारे पकडता येतो. पहिला प्रकार कॅसेटच्या वळणाचा. संगणकाच्या स्पीकरकडे जाणारा आवाज ‘ऑडॅसिटी’सारख्या सॉफ्टवेअरने टिपायचा. २००० साली आलेले हे सॉफ्टवेअर मोफत असून वापरण्यास सोपे आहे. परंतु ध्वनिमुद्रण चालू असताना एखादा ई-मेल आला, तर त्याची सूचक घंटीही भीमसेन जोशींच्या आलापावर कायमची उमटते. शिवाय अशा रीतीने टिपलेला ध्वनी एमपी-थ्रीमध्ये साठवला, की तो दुसऱ्यांदा आवळला जातो.

दुसरा प्रकार अधिक शहाणपणाचा. यात सॉफ्टवेअर आवाज ऐकतच नाही. येणारे अंक जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवून घेते. ‘व्हीएलसी’ या मोफत प्लेअरमध्ये नेटवर्क स्ट्रीमचा पत्ता देऊन रेकॉर्डचे बटण दाबले की हे काम होते. ‘एफएफएमपेग’ या सॉफ्टवेअरला ‘कॉपी’ असा आदेश दिला तरी तेच. स्पीकर बंद असला तरी बिघडत नाही आणि दर्जात तिळमात्र फरक पडत नाही. अडचण येते ती पत्ता शोधण्याची. पूर्वी स्ट्रीमचा एकच सरळ पत्ता असे. आता बहुतेक वाहिन्या ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीने काही सेकंदांचे तुकडे पाठवतात आणि त्या तुकड्यांची यादी सतत बदलत राहते. सॉफ्टवेअरला द्यायचा असतो तो या यादीचा पत्ता. एखाद्या सुट्या तुकड्याचा पत्ता दिला, तर दहा-एक सेकंदांतच मुद्रण आटोपते.

गफलत होते ती बहुधा रूपांतराच्या वेळी. एएसी फाइल जुन्या मोटारीतील प्लेअरवर वाजत नाही म्हणून तिची एमपी-थ्री केली जाते आणि जागा अडते म्हणून मूळ फाइल पुसली जाते. पुढे ती एमपी-थ्री आणखी कुणाला पाठवताना पुन्हा लहान केली जाते. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी, तसा प्रत्येक फेरीत तपशील जातो. तंबोऱ्याची आस आणि ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची धार आधी बोथट होते. ६४ किलोबिटच्या फाइलचे ३२० किलोबिटमध्ये रूपांतर केल्याने ध्वनी सुधारतो, हाही भ्रमच. फाइल फक्त पाचपट फुगते. मूळ फाइल तशीच ठेवावी आणि रूपांतर तिच्या प्रतीचे करावे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी वेळेचे गणित वेगळे. पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवशीच्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आणि हिवाळ्यात साडेआठ. तिथले घड्याळ वर्षातून दोनदा सरकते, आपले सरकत नाही. ठरावीक वेळी आपोआप ध्वनिमुद्रण लावून ठेवणाऱ्यांचा कार्यक्रम नेमका त्याच आठवड्यात हुकतो. शिवाय स्ट्रीम रेडिओपेक्षा काही सेकंद मागे असतो. म्हणून मुद्रण दोन मिनिटे आधी सुरू करून दोन मिनिटे उशिरा थांबवणे बरे.

कायद्याचे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने प्रसारण संस्थेला आपल्या प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क दिला आहे. मात्र कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले ध्वनिमुद्रण हा त्या हक्काचा भंग ठरत नाही. तीच फाइल इंटरनेटवर सर्वांसाठी टाकली, तर ही सवलत संपते. त्यात गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रिका कंपनीचे हक्कही गुंतलेले असतात. पैसे घेऊन गाणी ऐकवणाऱ्या सेवा आपल्या स्ट्रीमला कुलूप घालतात. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

राहता राहिले फाइलचे नाव. सॉफ्टवेअर स्वतःहून जे नाव देते त्यात बहुधा तारीख आणि आकडेच असतात. केंद्र, कार्यक्रम, कलाकार, राग आणि प्रसारणाची तारीख ही माहिती त्याच दिवशी नावात लिहावी; निवेदक ती सुरुवातीला एकदाच सांगतो, आणि मुद्रण उशिरा सुरू झाले असेल तर तीही फाइलमध्ये नसते.