पहिले महाग घड्याळ: पाणी, चावी आणि पावती

कापड बाजारात धंदा बरा चालला की शौक स्विस घड्याळाकडे वळतो. मग आठ दिवसांत आमच्याकडे कुरकुर येते, ‘ऑटोमॅटिक घेतले, रोज चार सेकंद पुढे जाते.’ हा बिघाड नव्हे. स्वित्झर्लंडच्या सीओएससी संस्थेच्या क्रोनोमीटर प्रमाणपत्रातही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. सेलचे स्वस्त घड्याळ वेळ जास्त नेमकी दाखवते, हे आधीच कबूल केलेले बरे.

जपायचे ते पाण्यापासून. तबकडीवर ‘३० मीटर’ वाचून कोणी विहिरीत उतरू नये; तो दाबाच्या चाचणीचा आकडा आहे. चार शिंतोडे चालतात. पण वुजू दिवसातून पाच वेळा, आणि चामड्याचा पट्टा त्यात खराब होतोच. घड्याळ उतरवून खिशात ठेवावे, हौदाच्या कट्ट्यावर नको. तेथे विसरलेले परत मिळाले तर नशीब! बाजूची चावी आट्यांची असेल तर पिळून बसवावी. आतले रबर कालांतराने निकामी होते, सर्व्हिसिंगला दिले की ते बदलून पाण्याची चाचणीही करून घ्यावी.

रात्री ९ ते ३ तारीख बदलू नये. पुष्कळ यंत्रांत तेव्हा दाते गुंतलेले असतात, मोडू शकतात. पावती, वॉरंटी कार्ड आणि घड्याळाचा नंबर कोठे ठेवला ते घरच्यांनाही सांगून ठेवावे. विकायची वेळ आली तर कागदांशिवाय भाव पडतो.