विषाणूच्या कातण्यात अडकली गोळी!

दिवाळीत शंकरपाळी करताना पाहिलंयस ना? मोठ्ठी पोळी लाटायची, कातणं फिरवायचं आणि झरझर तुकडे पाडायचे! आता गंमत ऐक. कोविडचा विषाणूसुद्धा अगदी हेच करतो!

हो, खरंच! तो आपल्या पेशीत शिरतो. तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच सामानातून प्रथिनाची लांबच लांब पट्टी बनवून घेतो. पण अख्खी पट्टी काय कामाची? तुकडे पडले, तरच नवे विषाणू तयार होणार. म्हणून त्याच्याकडे असतं एक चिमुकलं कातणं. तेही प्रथिनाचंच! ते पट्टीवर ११ ठिकाणी काप घेतं.

आणि हे कातणं येतं कुठून? त्याच पट्टीतून! ते आधी स्वतःलाच कापून बाहेर काढतं. म्हणजे पोळीतच कातणं लाटलेलं! आहे की नाही कमाल?

विषाणूची पाककृती आहे सुमारे ३०,००० अक्षरांची. प्रत्येक नव्या विषाणूसाठी ती पुन्हा उतरवून काढायची. मग चुका होणारच की! बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र विषाणूच्या पथ्यावर पडते. अशा चुका साठत गेल्या की नवा प्रकार तयार! डेल्टा असाच आला. तो पहिल्यांदा सापडला आपल्या भारतातच. मग नोव्हेंबर २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी जगाला सावध केलं : ओमायक्रॉन आलाय! त्याच्या अंगावरच्या काट्यांमध्ये तब्बल ३०हून जास्त बदल होते.

झाली ना पंचाईत! कारण प्रतिपिंडांची औषधं त्या काट्यांनाच चिकटायची आणि विषाणूला पेशीबाहेर अडवायची. काटे बदलले, नि त्यातली बहुतेक औषधं निकामी झाली.

पण कातणं? ते जवळजवळ होतं तसंच! का बरं? ओळख पाहू!

अरे, कातणंच वाकडं झालं, तर सगळे काप चुकतील ना! मग विषाणूचाच फराळ बिघडेल. शास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरलं. निर्माट्रेल्विर नावाचं औषध थेट कातण्याच्या खाचेत जाऊन बसतं. कातणं अडलं, पट्टी तशीच पडून! ओमायक्रॉनवरही ते चाललं. आजार बळावण्याचा धोका असलेल्या माणसांना डॉक्टर त्याच्या गोळ्या ५ दिवस देतात.

सोबत आणखी एक गोळी असते, रिटोनाविर. ती या विषाणूचं काय करते सांग? काहीच नाही! आपलं यकृत निर्माट्रेल्विर भराभर मोडून टाकतं. रिटोनाविर यकृताचं हे काम मंदावते. मग निर्माट्रेल्विर जास्त वेळ रक्तात टिकतं आणि कातण्याला अडवून धरतं!