विश्लेषण : रेडिओ स्कॅनर नवख्यालाही जमेल असा का नसतो?

४ जुलै २०२५ रोजी शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवर बेंगळूरुतील विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. अशा संवादात स्थानकाकडून येणारा आवाज सहसा १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे स्थानक बेंगळूरुच्या आकाशात असते, तेव्हा बहुतेक वेळ ते यवतमाळच्या आकाशातही असते. म्हणजे पुसद किंवा वणीतल्या गच्चीवरूनही असा आवाज पकडता येऊ शकतो. अडचण येते ती स्कॅनर लावताना.

किचकटपणा कुठे आहे?

एफएम केंद्र दिवसभर सुरू असते, बटण फिरवले की सापडते. स्कॅनर ज्या वारंवारिता तपासतो, तिथे बोलणे काही सेकंदांचे आणि शांतता तासन् तास. म्हणून तो एकेक वारंवारिता झपाट्याने तपासतो आणि आवाज आला की थांबतो. त्यासाठी आधी वारंवारिता, एएम की एफएम आणि ‘स्क्वेल्च’ भरावे लागते. स्क्वेल्च म्हणजे खरखर अडवणारा उंबरठा. तो कमी ठेवला तर स्कॅनर खरखरीवरच अडकतो, जास्त ठेवला तर क्षीण आवाजही गाळतो. नवखा इथेच कंटाळतो.

सोपे करण्याचे प्रयत्न झाले का?

झाले. युनिडेन कंपनीने २०१० मध्ये ‘होमपेट्रोल-१’ आणला. टचस्क्रीनवर पिनकोड टाकला की परिसरातल्या वारंवारिता आपोआप भरल्या जात. पण त्यामागे अमेरिकेतली तयार यादी होती. २०१२ च्या सुमारास टीव्ही पाहण्यासाठीचे स्वस्त यूएसबी डोंगल संगणकावर रेडिओ म्हणून वापरता येते, हे हौशी मंडळींनी दाखवले. यंत्र स्वस्त झाले, सोपे मात्र नाही. ड्रायव्हर, गेन, सॅम्पल रेट... तो पडदा इंजिनिअरांनी इंजिनिअरांसाठीच बनवल्यासारखा दिसतो.

यवतमाळच्या श्रोत्याला कसा हवा?

होमपेट्रोलची नक्कल इथे चालणार नाही. तिथले मोठे आकर्षण पोलीस आणि अग्निशमन दलाचे बोलणे. भारतात दूरसंचार कायदा २०२३ नुसार बेकायदा संदेश टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे ‘तुम्ही कुठे आहात?’पेक्षा ‘काय ऐकायचे आहे?’ हा प्रश्न स्कॅनरने आधी विचारावा.

‘अंतराळ स्थानक’ निवडले की ते कधी आणि कोणत्या दिशेने येणार, हे पडद्यावर दिसावे. वेगामुळे येताना वारंवारिता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झने वाढलेली आणि जाताना तितकीच घटलेली भासते. तो फरक यंत्रानेच जुळवावा. जेमतेम दहा मिनिटांच्या फेरीत बटणे कोण शोधणार? विद्यार्थ्यांचे प्रश्न बेंगळूरुच्या जमिनीवरून वेगळ्या वारंवारितेवर जातात, ते यवतमाळला ऐकू येणार नाहीत. ‘फक्त उत्तरे येतील’ एवढी एक ओळ दिसली, तरी यंत्र बिघडल्याचा समज टळेल.

शांतता आणि बिघाड यांतला फरक सांगणे हे तर सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी ‘तपासा’ बटण दाबताच आकाशवाणीचे यवतमाळ केंद्र लागावे. ते ऐकू आले की अँटेना जोडलेली आहे आणि स्पीकर चालू आहे, एवढे तरी कळते. जाणकारांसाठी सगळे आकडे एका बटणामागे खुले असावेत, कुलूपबंद नकोत.

ऐकून झाल्यावर बोलावेसे वाटले, तर मात्र परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो. किमान वय १२ वर्षे.