मोडण्याची किंमत

जनुकातला मजकूर वाचून पेशी अमिनो आम्लांची माळ कशी ओवते, हे १९५० आणि १९६० च्या दशकांत उलगडत गेले, आणि जीवशास्त्राचे बहुतेक लक्ष या घडणीवरच खिळले. तयार झालेल्या प्रथिनाचे पुढे काय होते, हा प्रश्न मागे पडला. रुडॉल्फ शोनहायमर यांनी तो त्याआधीच न्यूयॉर्कमध्ये पुढे आणला होता. नायट्रोजनचा जड समस्थानिक असलेली अमिनो आम्ले त्यांनी उंदरांना खाऊ घातली, तेव्हा त्यांतला मोठा वाटा लघवीवाटे बाहेर न पडता उंदरांच्या ऊतींतल्या प्रथिनांत जाऊन बसला. म्हणजे शरीरातली प्रथिने अखंड मोडली आणि नव्याने घडवली जात होती. पुढे १९५३ मध्ये मेल्विन सिम्प्सन यांना यकृताच्या कापांत एक विचित्र गोष्ट दिसली: पेशीची ऊर्जा तोडली की प्रथिनांचे हे मोडणेही मंदावते. उतारावरून पाणी वाहायला पंप लागत नाही, तसे प्रथिनाचे बंध तोडायलाही ऊर्जा लागायला नको. जठरातले पेप्सिन ती न घेताच आपले काम करते. मग पेशी कशासाठी पैसे मोजत होती? माझ्या मते या क्षेत्रातले सारे महत्त्वाचे संशोधन या एका प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते उत्तर असे: पेशी ऊर्जा खर्च करते ती प्रामुख्याने निवडीसाठी.

यावर एक सरळ आक्षेप होता. ख्रिश्चन द दूव यांनी १९५५ मध्ये लायसोसोम ही पचनाची पिशवी दाखवून दिली होती. तिच्यातली आम्लता टिकवायला ऊर्जा लागतेच, तर वेगळे स्पष्टीकरण कशाला हवे? पण प्रथिनांच्या आयुष्यांतला फरक या आक्षेपाला पुरून उरतो. ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज हे एन्झाइम काही मिनिटांत निम्मे होते, तर डोळ्याच्या भिंगातले क्रिस्टलिन जन्मभर टिकते. पिशवीत पडेल ते सरसकट पचवणारी यंत्रणा एकाच पेशीतल्या शेजारी-शेजारी असलेल्या प्रथिनांना इतके वेगवेगळे आयुष्य कसे देणार?

निर्णायक पुरावा सशाच्या कोवळ्या लाल रक्तपेशींतून आला. पक्व होताना या पेशी आपले बहुतेक अवयव टाकून देतात, त्यांत लायसोसोमही जातात. तरी सदोष प्रथिने त्या मोडतातच, आणि त्यालाही एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाचलन, लागते. अल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेने हे १९७७ मध्ये पेशी फोडून काढलेल्या अर्कात दाखवले. हैफाच्या टेक्निऑन संस्थेत अव्राम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चिखानोव्हर यांनी असाच अर्क स्तंभातून गाळून त्याचे दोन भाग केले. एकेकटा भाग निष्क्रिय, एकत्र केले की काम सुरू! पहिल्या भागात, म्हणजे स्तंभाला न चिकटता हिमोग्लोबिनसोबत वाहून आलेल्या द्रवात, एक अज्ञात घटक होता. तो द्रव तापवला, हिमोग्लोबिन साकळून खाली बसले, आणि वरच्या द्रवात तो घटक शाबूत राहिला. हे १९७८ मधले काम. हा घटक एखाद्या एन्झाइमला चालना देत असावा, असा अंदाज होता. फिलाडेल्फियात अर्विन रोझ यांच्यासोबत केलेल्या, १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र तो मोडायच्या प्रथिनालाच पक्क्या बंधाने, एकापुढे एक असा अनेकदा चिकटलेला आढळला. त्याच वर्षी त्याची ओळख पटली: ७६ अमिनो आम्लांचे युबिक्विटिन.

ही खूण लावायला तीन एन्झाइमे लागतात. पहिले एटीपी खर्चून युबिक्विटिन सक्रिय करते, दुसरे ते वाहून नेते, तिसरे कोणत्या प्रथिनाला लावायचे ते ओळखते. माणसात पहिल्या प्रकारची एन्झाइमे दोन, दुसऱ्या प्रकारची काही डझन, तर तिसऱ्या प्रकारची सहाशेच्या आसपास आहेत. सगळा विस्तार निवडीच्या टोकाला आहे, आणि मला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. खूण लागलेले प्रथिन मग प्रोटिअसोम या पिंपात ओढले जाते. तिथली धारदार केंद्रे आतल्या बाजूला असतात. प्रथिन उलगडून आत सारायला पुन्हा एटीपी लागते, आणि युबिक्विटिन मात्र सोडवून परत वापरले जाते.

परीक्षानळीतले जिवंत पेशीत खरे कशावरून, हा दुसरा आक्षेप. अलेक्झांडर व्हार्शाव्हस्की यांच्या गटाने १९८४ मध्ये उंदराच्या अशा पेशी तपासल्या, ज्यांचे पहिले एन्झाइम तापमान वाढताच निकामी होते. तापमान वाढवल्यावर अल्पायुषी प्रथिनांचे मोडणे बहुतांशी थांबले. तिसरा आक्षेप मात्र अंशतः मान्य करायला हवा. लायसोसोमचा मार्ग दुय्यम नाही. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल त्याच वाटेवरच्या स्वभक्षणाच्या संशोधनासाठी मिळाले. शिवाय युबिक्विटिनची प्रत्येक खूण मरणाची नसते. पण म्हणून मूळ मुद्दा ढळत नाही: नेमके एक प्रथिन, नेमक्या वेळी काढायचे तर त्याला नेमके ओळखणारे कुणीतरी लागते.

या शोधासाठी हर्श्को, चिखानोव्हर आणि रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधीच, २००३ मध्ये, प्रोटिअसोमला रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले होते. पण निवडीचे मोल सर्वांत स्पष्ट कळते ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, जो भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. पॅपिलोमा विषाणूचे ई६ हे प्रथिन पेशीतल्याच एका तिसऱ्या एन्झाइमला हाताशी धरते आणि पी५३ या रक्षक प्रथिनावर खूण लावून घेते. पी५३ चे जनुक बहुधा शाबूत असते, प्रथिन नीट घडते, प्रोटिअसोमही चोख चालतो. चुकते ती फक्त निवड, आणि तेवढ्याने पेशी हाताबाहेर जाते.