जुन्या मोटारसायकलीचा खोटा कांटा

तीस-बत्तीस वर्षें मीं शाळेंत गणित व विज्ञान शिकविलें आणि तितकींच वर्षें एका मोटारसायकलीवरून शाळेला ये-जा केली. मी निवृत्त झालों; ती अद्याप कामावर आहे. गेल्या वैशाखांत सातारा-कोरेगांव रस्त्यानें येत असतां एक करडूं एकाएकीं आडवें आलें आणि त्याला धरावयास एक लहान मुलगी मागोमाग धांवली. वेगमापकाचा कांटा त्या क्षणीं ४० वर होता. ४० च्या वेगांतली माझी गाडी किती अंतरांत उभी राहते हें माझ्या हातापायांना पाठ आहे. त्या दिवशीं मात्र ती तेथें उभी राहिली नाहीं. मुलीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. रस्ता कोरडा होता, ब्रेक नुकतेच नीट करून घेतले होते. घरीं येऊन पाणी प्यालों तेव्हां कोठें मनांत आलें, कीं खोटें बोलला असेल तर तो कांटाच.

संशय आला म्हणजे पडताळा पाहावा. त्याला साधन थोडेंच लागतें: सरळ मोकळा रस्ता, किलोमीटरचे दगड आणि सेकंद दाखविणारें घड्याळ. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्याला घड्याळ देऊन मागें बसविलें व कांटा ४० वर स्थिर धरला. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला ९० सेकंद. पुतण्यानें सांगितलें, ६९. तीन वेळां तेंच. ३६०० ला ६९ नें भागलें असतां उत्तर ५२ च्या किंचित् वर येतें. ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांना हल्लीं मोबाइलही उपग्रहांच्या साहाय्यानें वेग सांगतो, आणि सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगांत, तो बराच विश्वासार्ह असतो.

४० आणि ५२ यांत अंतर बाराचेंच दिसतें. परंतु ब्रेक लागल्यावर गाडी जें अंतर तोडते तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ५२ म्हणजे ४० ची १.३ पट, आणि १.३ चा वर्ग १.६९. मी ज्या अंतराच्या भरंवशावर होतों त्याहून सुमारें दोनतृतीयांश अधिक अंतर गाडीला हवें होतें. हें उदाहरण मीं कित्येक वर्गांना फळ्यावर घालून दिलें होतें.

आतां हा कांटा हलतो कशानें? जुन्या गाड्यांत चाकापाशीं किंवा गिअरपेटीपाशीं दंतचक्रांचा एक लहानसा जोड असतो. त्यापासून पीळदार तारेची केबल फिरत फिरत वर मीटरमध्यें येते व तेथें एका लोहचुंबकाला फिरविते. या चुंबकावर, त्याला न शिवतां, अॅल्युमिनियमची एक पातळ वाटी असते आणि कांटा त्या वाटीच्या आंसाला बसविलेला असतो. अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाहीं, हें आपण जाणतां. मग वाटी हलते कां? चुंबक फिरूं लागला कीं वाटीच्या पत्र्यांत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ते तिला चुंबकामागें ओढूं पाहतात. फ्रान्समध्यें आरागो यांनीं १८२४ सालीं हा चमत्कार पाहिला; फॅरडे यांच्या १८३१ च्या शोधानें त्याचें कारण उमगलें; आणि स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनीं १९०२ सालीं त्यावर आधारलेल्या वेगमापकाचें पेटंट घेतलें. वाटी सुटी असती तर गरगर फिरली असती. घड्याळांत असते तसली केसासारखी बारीक कमान तिला मागें खेंचते. वेग वाढला कीं ओढ वाढते, आणि या रस्सीखेंचींत जेथें तोल साधेल तेथें कांटा थांबतो.

यावरून रोगाचें निदान करतां येतें. काळाच्या ओघांत चुंबक क्षीण झाला तर कांटा कमी दाखवितो; कमान ढिली पडली तर अधिक. आंत तेल शिरून घट्ट झालें तर तो आळशी होतो, वेग वाढतांना मागें राहतो व उतरतांना वर अडकतो. कांटा नुसता थरथरत असेल तर बहुधा मीटर निर्दोष असून केबल कोरडी अथवा कोठें तरी फार मुडपलेली असते. मात्र तिला वंगण घालतांना हात आंखडता ठेवावा. फिरणारी पीळदार तार तें वंगण वर चढवून नेमकें मीटरांत सोडते; म्हणून वरचा वीतभर भाग जवळजवळ कोरडाच राहूं द्यावा.

सर्वांत उपयोगाची खूण त्याच तबकडींत असते. एकंदर किलोमीटर मोजणारे आंकडे चुंबकावर नव्हे, तर सरळ दंतचक्रांवर चालतात. तेव्हां दहा दगड ओलांडून आंकडे पाहावेत. तेही वेगाच्याच प्रमाणांत चुकत असतील तर दोष खालीं आहे: दुसऱ्या मापाचा टायर, किंवा दुसऱ्या गाडीचा मीटर. केबल मीटरपासून सोडून, टोकाला कागदाचा झेंडा चिकटवून, गाडी २० मीटर ढकलावी. झेंड्याच्या फेऱ्यांना ५० नें गुणलें कीं दर किलोमीटरच्या फेऱ्या मिळतात. मीटर तितक्याच फेऱ्यांचा हवा. माझे आंकडे दहा दगडांना बरोबर दहा आले. अर्थात् दोष चुंबकाचा किंवा कमानीचा.

एका कारागिरानें सुचविलें, "मास्तर, कांटा उपटून बारा घरें पुढें बसवूं." मीं त्याला वहींत मांडून दाखविलें. खरा वेग ५२ असतां ४० दिसत होते, तसे २६ असतां २० दिसत. बारा मिळविले तर ५२ ला ५२ दिसतील खरे, पण २६ ला ३२ दिसतील. जी चूक प्रमाणाची आहे ती बेरजेनें कशी फिटावी? शेवटीं पुण्यांतल्या एका जाणत्या मीटरवाल्यानें मीटर उघडून आंसाला चिकटलेलें जुनें तेल धुतलें, चुंबकाला पुन्हां चुंबकत्व दिलें आणि ठराविक फेऱ्यांच्या यंत्रावर २०, ४०, ६० असे आंकडे जुळवून घेतले. हें काम घरीं करूं नये. त्या कमानीला श्वासाचा धक्काही पुरतो. आतां ४० वर एका किलोमीटरला ९२ सेकंद लागतात, म्हणजे कांटा किंचित् अधिक दाखवितो. तसाच असूं दे म्हटलें. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ व्या नियमांतही वेगमापकानें खऱ्याहून कमी वेग कधींच दाखवूं नये असेंच आहे.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून शेजारच्या अॅमीटरविषयीं दोनच शब्द. इंजिन बंद ठेवून मोठा दिवा लावावा. ६ व्होल्टच्या गाडींत ३० वॅटचा दिवा ५ अँपियर घेतो. कांट्यानें सुमारें तितका खर्च दाखवावा. खर्चाऐवजीं जमा दाखविली तर मागच्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे. कांटा धडधडत असेल तर मळीं पाहावीं; बहुतेक गाडीची वीज तेथूनच जाते आणि एक सैल मळसूत्र वाटेंत सारा दिवा घालवितें. परंतु तेथें हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावयास विसरूं नये.