कॉम्प्युटर बिघडला, पण त्यातलं नेमकं काय बिघडलं?

आज बोलायचंय ते सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या कॉम्प्युटरबद्दल. बऱ्याच गटांकडे असाच असतो. कुणाचा मुलगा, कुणाची पुतणी शहरातून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट असं एकेक आणते आणि जोडून देते. स्वस्त पडतो, चालतोही छान. पण बंद पडला की पंचाईत होते. कंपनीच्या तयार कॉम्प्युटरला एकच वॉरंटी असते. इथे प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि मुदतही वेगळी. कुठला भाग गेला हेच माहीत नसेल तर कुणाच्या दारात जायचं? मग दुरुस्तीवाला म्हणेल ती पूर्व दिशा.

एका गटाचं उदाहरण सांगते. चटण्या-पापडांचा व्यवसाय, बिलं आणि हिशेब सगळे कॉम्प्युटरवर. दिवाळीच्या तोंडावर तो कॉम्प्युटर काम करता करता फट्‌कन बंद पडायला लागला. कधी अर्ध्या तासानं, कधी पाच मिनिटांत. तालुक्याच्या दुकानात सांगितलं, मदरबोर्ड गेला, नवा घाला. काही हजारांचा खर्च. गटातल्या एका ताईंनी विचारलं, "मदरबोर्डच गेलाय हे कशावरून?" याचं उत्तर काही मिळालं नाही. त्या कॉम्प्युटर परत घेऊन आल्या, आणि मला वाटतं तिथेच निम्मं काम झालं.

विहिरीवरची मोटार पाणी ओढेना झाली तर आपण थेट नवी मोटार आणतो का? आधी लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. इथेही तसंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुरू झाला, तर कशामुळे झाला ते कधीच कळत नाही.

हात घालण्याआधी वायर भिंतीतून काढा आणि चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. थंडीत नायलॉनची साडी कशी चरचरते, ठाऊक आहे ना? अंगातली तेवढी वीजसुद्धा रॅमला बाधू शकते. सुती साडी बरी. बांगड्या काढा, मंगळसूत्र आत सरकवा. आणि एसएमपीएस, म्हणजे जिथे मागून वायर जोडतो तो पत्र्याचा डबा, तो कधीच उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात धक्का बसेल इतकी वीज साठून राहू शकते. बदलायचा तर अख्खा डबा बदलायचा.

आता त्या ताईंनी काय केलं ते ऐका. पहिला संशय उष्णतेवर. प्रोसेसरवरच्या पंख्यात पिठाची धूळ बसते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला कॉम्प्युटर बंद होतो. त्यांनी मऊ ब्रशनं पंखा साफ केला, तो नीट फिरत होता. तरीही एका गार सकाळी, चालू केल्यावर दोनच मिनिटांत कॉम्प्युटर बंद. तापायला वेळच मिळाला नव्हता. उष्णता खोडली.

मग रॅम. दोन पट्ट्या होत्या. एक काढून एकीवर चालवला, मग दुसरीवर. दोन्ही वेळा बंद पडला. खरं तर रॅम खराब असली तर बहुधा कॉम्प्युटर अडकतो किंवा निळा पडदा येतो, दिवा विझल्यासारखा बंद होत नाही. पण पाहायला पैसे लागत नाहीत. त्यानंतर हार्ड डिस्कच्या वायरी काढल्या आणि सुरू होताना डिलीट बटण दाबून बायोसचा पडदा उघडून ठेवला. तिथेही बंद पडला. म्हणजे विंडोज निर्दोष, डिस्क निर्दोष.

उरले एसएमपीएस आणि मदरबोर्ड. ओळखीच्या एका घरी तेवढ्याच वॅटचा चालू एसएमपीएस होता, तो दोन दिवसांसाठी मागून आणला. दोन दिवस कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. जुना एसएमपीएस पुन्हा लावून पाहिला, आणि तासाभरात पुन्हा बंद. आता शंकाच उरली नाही. बिल जपून ठेवलेलं होतं, मुदत शिल्लक होती, एसएमपीएस बदलून मिळाला. मदरबोर्ड अजून तोच आहे.

तुमच्याकडे लक्षणं वेगळी असतील. काहीच हलत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर आधी त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा, मग वायर, मग एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण. झाडताना ते हमखास बंद होतं! पंखा फिरतो पण पडदा काळा, तर मॉनिटरची वायर तपासा, मग रॅम काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबरानं हलकेच पुसा आणि दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत बसवा. पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. रोज तारीख मागे जात असेल, बँकेची वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. ३ व्होल्टचा, किरकोळ किमतीचा. तेवढ्यासाठी कॉम्प्युटर दुकानात नेऊ नका. आणि छपाई सुरू करतानाच बंद पडत असेल तर लेसर प्रिंटर त्याच यूपीएसवर लावलाय का बघा. तो सुरुवातीला फार वीज ओढतो. त्याला भिंतीतलं वेगळं सॉकेट द्या.

एका बाबतीत मात्र हा सगळा क्रम सोडून द्या. हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज यायला लागला, किंवा साधी फाइल उघडायलाही मिनिटं लागायला लागली, तर तपासत बसू नका. गटाचे हिशेब, सभासदांच्या कर्जाच्या नोंदी आधी पेन ड्राइव्हवर उतरवा. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, आणि दुकानात देताना कागदावर लिहून द्या: आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.