वीजकेंद्राचा धूर, त्यावरील अटी आणि आपण

स्मृतिव्याख्यानमालेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने वीजकेंद्राच्या धुराविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. विषय रसायनशास्त्राचा, अभियांत्रिकीचा आणि कायद्याचा आहे हे खरे. परंतु तो भाषेचाही आहे. 'अट', 'मुदत' आणि 'सूट' हे तीन साधे शब्द कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या सोयीने वापरले जातात, यावर चिमणीच्या आसमंतात राहणाऱ्या माणसाचा श्वास, त्याची वाडी आणि तुमच्या-माझ्या घरचे वीजबिल अवलंबून असते. त्या दिवशी जे बोललो ते थोडी भर घालून येथे लेखरूपाने देत आहे.

प्रथम धुरात काय असते ते पाहू. आपल्याकडील कोळशात राख फार आणि गंधक कमी. साधारण पाचशे मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सात ते आठ हजार टन कोळसा जाळते. त्यातील पस्तीस टक्के राख धरली तरी रोजची अडीच हजार टनांच्या आसपास राख निघते. गंधक अवघे अर्धा टक्का. पण जळताना ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि वजनाने दुप्पट होते. म्हणजे एका टन कोळशामागे दहा किलो सल्फर डायऑक्साइड, आणि दिवसाला सुमारे पंचाहत्तर टन! 'आमच्या कोळशात गंधक कमी' हे विधान खोटे नाही. मात्र जाळलेल्या कोळशाच्या राशीपुढे त्या 'कमी'चा अर्थ बदलतो.

राख अडवण्याची युक्ती जुनी आहे. धुरातील कणांवर विजेचा भार चढवून ते पत्र्यांकडे ओढून घेतात, आणि यंत्र नीट चालले तर शंभरातील नव्याण्णवांहून अधिक कण तेथेच थांबतात. सल्फर डायऑक्साइड वायू असल्यामुळे त्या पत्र्यांना दाद देत नाही. त्याला धुऊन काढावे लागते. धुरावर चुनखडीचे पाणी फवारले की वायू त्यात विरतो आणि जिप्सम तयार होते. समुद्रकाठी याच कामी खारे पाणीही चालते, कारण ते मुळातच किंचित अल्कधर्मी असते. या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. ती महाग आहे, तिला जागा लागते, आणि केंद्राच्या स्वतःच्या विजेतील थोडी वीज तीच खाते. ती नसेल तर वायू हवेत जातो, दम्याच्या रोग्याची श्वासनलिका आवळतो, पानांच्या रंध्रांतून झाडात शिरतो. आणि जो दूर जातो त्याचे वाटेत अतिसूक्ष्म सल्फेट-कणांत रूपांतर होते. हे कण शेकडो किलोमीटर प्रवास करतात व फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात.

आपल्या देशात दीर्घकाळ या वायूवर एकच उपाय सांगितलेला होता, तो म्हणजे उंच चिमणी. पाचशे मेगावॉटच्या संचाला २७५ मीटर. (आमच्या पिढीला चिमणी म्हटले की रॉकेलचा दिवा आठवतो; तिची काजळी निदान आपल्याच भिंतीवर बसे.) उंचीमुळे वायू विरळ होतो, जवळच्या गावाला दिलासा मिळतो, हे मान्य. परंतु त्याने एक किलोही वायू कमी होत नाही. तो फक्त अधिक लोकांत वाटला जातो.

या नियमाला अपवाद ठरलेले एक ठिकाण आपणा बडोदेकरांच्या रोजच्या वाटेवरचे आहे. मुंबईला जाताना चिकूची टोपली चढते ते डहाणू. घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याचा हा तालुका. वारली पाड्यांचा, इराणी-पारशी बागायतदारांचा आणि खाडीवरच्या मच्छीमारांचा. येथे अडीचशे मेगावॉटच्या दोन संचांचे औष्णिक केंद्र मुंबईच्या उपनगरांना वीज देण्यासाठी योजले गेले. १९८९ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणविषयक परवानगी दिली, तीत एफजीडी बसवण्याची अट होती. स्थानिक नागरिकांना केंद्रच नको होते. ते न्यायालयात गेले आणि हरले. पण १९९१ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवून ठेवली. एफजीडीची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्यावाचून शिथिल करू नये, आणि तशी वेळ आलीच तर हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला.

१९९५ मध्ये केंद्र सुरू झाले. एफजीडी नव्हती. अट कागदावर, धूर आकाशात!

पुढचा फरक पडला तो दुसऱ्या एका याचिकेमुळे. 'सँक्च्युअरी' मासिकाचे संपादक बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९६ मध्ये आदेश दिला, आणि डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, तोवर हे पद त्यांच्याकडेच होते. अशा नेमणुका अनेकदा शोभेच्या असतात. ही तशी नव्हती. १९९९ मध्ये प्राधिकरणाने एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. यंत्रणा अनावश्यक आहे, कोळसा धुतलेला वापरतो, गंधक मर्यादेत आहे, असे युक्तिवाद झाले, वर्षे गेली. २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीकडे ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. मग मात्र हालचालीला वेग आला आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी सुरू झाली. परवानगीतील अटीपासून अठरा वर्षांनी, केंद्र सुरू झाल्यापासून बारा वर्षांनी.

डहाणूकरांजवळ देशातील इतर चिमण्यांखाली राहणाऱ्यांजवळ नव्हते असे काय होते? अट तर अन्यत्रही असते. त्यांच्याजवळ अट ज्याच्यासमोर पुन्हा पुन्हा वाचून दाखवता येईल असा एक कान होता, तोही त्याच तालुक्यासाठी नेमलेला. माझ्या मते सारा विषय येथे आहे.

कारण देशव्यापी नियम आला तेव्हा हा कान कोठेच नव्हता. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने सर्व कोळसा-केंद्रांसाठी राख, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्या मर्यादा प्रथमच एकत्रितपणे घालून दिल्या. नव्या केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम, जुन्यांना आकारानुसार २०० किंवा ६००. मुदत दोन वर्षांची. ती २०१७ मध्ये संपली तेव्हा २०२२ पर्यंत वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडून पुन्हा वाढली. २०२२ मध्ये आणखी, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी. अखेर जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मुदतीचा प्रश्नच बव्हंशी मिटवला. राजधानी परिसरापासून किंवा दहा लाख वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरांच्या आतील केंद्रांनी २०२७ अखेर एफजीडी बसवावी. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्यांचा निर्णय एकेकट्याने व्हावा. आणि उरलेल्या, म्हणजे सुमारे ७८ टक्के केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट. त्यांनी चिमणीच्या उंचीचा निकष पाळावा. दहा वर्षांनी आपण पुन्हा उंचीपाशी आलो.

सरकारची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. बहुतेक ठिकाणी हवेतील सल्फर डायऑक्साइड ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, चुनखडी खणण्या-वाहण्यातही प्रदूषण आहे, आणि एफजीडीचा खर्च वीजदरात चढतो, असे तिचे मुद्दे आहेत. शेवटचा मुद्दा अगदी खरा आहे. नियम बदलल्यामुळे झालेला खर्च दरात धरून घेण्याची तरतूद आहे. सूट मिळाल्याने युनिटमागे पंचवीस-तीस पैसे वाचतील असे उद्योगक्षेत्रातून सांगण्यात आले. महिना दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला हे पन्नास-साठ रुपये होतात. गरिबाच्या घरी ही रक्कम क्षुल्लक नव्हे. पण दुसऱ्या बाजूचा हिशेब बिलावर छापला जात नाही. मुलाच्या दम्याचा पंप, बुडालेली मजुरी, मोहोर गळालेली बाग यांचा रकाना तेथे नसतो, आणि तो खर्च वीज वापरणाऱ्याच्या नव्हे तर केंद्राजवळ राहणाऱ्याच्या पदरी पडतो. शिवाय हवेतील वायू मोजून 'मर्यादेत' म्हणताना त्याचे पुढे जे सल्फेट-कण होतात ते त्या मोजणीत येत नाहीत. ते धुळीच्या खाती जमा होतात.

दहा किलोमीटरांच्या रेषेविषयी एवढेच म्हणतो की ती नकाशावर शहराला जवळ आणि खेड्याला लांब ठेवते. आपल्या बडोद्याची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे, म्हणून तिचे संरक्षण आपल्याला मिळते. आपल्या घरात येणारी वीज महीकाठच्या वणाकबोरीची की तापीकाठच्या उकाईची, हे दिव्याकडे पाहून ओळखता येत नाही. ज्या गावांच्या हवेत ती तयार होते त्यांच्यापैकी कितींची वस्ती दहा लाख असणार?

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी अभियंते आहेत, काही वकील आहेत. त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट सांगतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक प्रकल्पाने आपल्या परवानगीतील अटी किती पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे. जनसुनावणीपूर्वी प्रकल्प-अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. असे काही सारांश मी भाषेचा शिक्षक म्हणून वाचले आहेत. मराठी असो वा गुजराती, वाक्ये बहुधा कर्मणी प्रयोगात असतात. 'उपाययोजना करण्यात येईल', 'दक्षता घेतली जाईल'. कर्ता कोठेच नसतो, तारीखही नसते. सुनावणीच्या मांडवात उभे राहून 'कोण करील आणि कधी?' एवढे विचारायला रसायनशास्त्र यावे लागत नाही. मात्र उत्तर इतिवृत्तात उतरवून घ्यावे, कारण डहाणूतही १९८९ ची अट लिहिलेली होती, म्हणूनच ती १९९९ मध्ये पुन्हा काढून दाखवता आली.